झाशीचे ध्यानचंद : शिपाई ते कर्णधार

झाशी म्हटले की मराठी मनाला राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या शहराचे नाव क्रीडाजगतात सर्वदूर नेले ते हॉकीपटू मेजर ध्यानचंद यांनी.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे झाला. वडील सैन्यात होते. पुढे हे कुटुंब झाशीत स्थायिक झाले. १९२२ मध्ये ध्यानचंदही शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले आणि तेथेच त्यांचा खेळ बहरला. १९२६ च्या न्यूझीलंड दौऱ्यात भारतीय लष्कराच्या संघाने २१ पैकी १८ सामने जिंकले. परतल्यावर ध्यानचंद यांना लान्स नाईक पदावर बढती मिळाली.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५ सामन्यांत १४ गोल केले आणि भारताने हॉकीतील पहिले सुवर्णपदक पटकावले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे भारताने अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळवला. त्यात धाकटे बंधू रूपसिंग यांचे १०, तर ध्यानचंद यांचे ८ गोल होते. मात्र आपला सर्वोत्तम सामना म्हणून ते १९३३ मधील कोलकात्याच्या बेटन चषकाच्या अंतिम लढतीचाच उल्लेख करीत. त्या लढतीत ते आपल्या गावच्या 'झाशी हीरोज' संघाकडून खेळले होते.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. त्याच उन्हाळ्यात भारतीय क्रिकेट संघ विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमध्ये खेळत होता. कसोटी मालिकेतील ६ डावांत या कर्णधाराच्या ३३ धावा झाल्या आणि भारताने मालिका ०-२ अशी गमावली. क्रिकेटमध्ये कर्णधारपदासाठी राजघराण्याचे वजन उपयोगी पडत होते; हॉकीत मात्र शिपाई म्हणून भरती झालेला खेळाडू केवळ गुणांच्या बळावर त्या पदापर्यंत पोहोचला. १५ ऑगस्ट १९३६ रोजी ओव्हलवर अखेरची कसोटी सुरू झाली, त्याच दिवशी बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे नमवले.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब प्रदान करण्यात आला. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात त्यांचे निधन झाले. २०१२ पासून त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो आणि २०२१ मध्ये खेलरत्न पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते झाशीत, हीरोज मैदानावर.