पडून असलेली रायफल आणि अनोळखी ग्राहक



आजचा विषय पाहून काहींना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने बंदुकांच्या विक्रीवर का बोलावं? पण हा विषय बंदुकीचा कमी आणि अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याचा जास्त आहे. अमेरिकेत आज घरात वापराविना पडलेली शिकारीची रायफल इंटरनेटवरच्या लिलावात विकता येते. हा व्यवहार कसा चालतो, असाच का चालतो आणि त्यामागे कोणता इतिहास आहे, हे आपण पाहणार आहोत. शेवटी एक जुना प्रश्न घेऊ: वस्तू विकली की विकणाऱ्याची जबाबदारी संपते का?

सुरुवात शब्दापासून करू. आपला ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला; त्यांचा शब्द ‘लेलाँव’. रोमन लोकांची तऱ्हा त्याहून बोलकी होती. युद्धात मिळालेली लूट विकायची झाली की ते जमिनीत भाला रोवायचे. त्यामुळे लॅटिनमध्ये लिलावाला ‘भाल्याखाली विकणे’ असंच म्हणू लागले आणि स्पॅनिशमधला ‘सुबास्ता’ हा शब्द त्यातूनच निघाला. म्हणजे शस्त्र आणि लिलाव यांचं नातं इंटरनेटने जोडलेलं नाही. इ. स. १९३ मध्ये तर रोमच्या राजरक्षकांनी सम्राट पर्टिनॅक्सला ठार मारलं आणि सम्राटपदच बोलीवर काढलं. डिडिअस ज्युलिआनसने ते घेतलं आणि जेमतेम दोन महिन्यांत त्याचाही जीव गेला. लिलावाचा स्वभाव या गोष्टीत नेमका दिसतो. सर्वांत मोठी बोली कोणाची, एवढंच लिलावाला कळतं. बोलणारा कोण, त्याला ही वस्तू कशाला हवी, हे लिलाव विचारत नाही. भांडी, गालिचे, चित्रं विकताना हा गुणच आहे. शस्त्र विकताना तोच दोष होतो. आजचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

आता ‘न वापरलेली रायफल’ म्हणजे काय? मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘कोरी’, म्हणजे कधीच न वापरलेली. दुसरा ‘पडून असलेली’, म्हणजे एकेकाळी वापरलेली, पण आता कुणी हात न लावणारी. अमेरिकेच्या बाजारात या दोन्ही जाती आहेत आणि त्यांच्या कहाण्या वेगळ्या आहेत.

कोरीची कहाणी आधी. विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ९४’ ही जॉन ब्राउनिंगने रचलेली रायफल हरणाच्या शिकारीसाठी फार लोकप्रिय झाली. १९६० च्या दशकापासून कंपनीने तिच्या स्मरणार्थ आवृत्त्या काढायला सुरुवात केली: कधी कंपनीची शताब्दी, कधी बफेलो बिल, पुढे १९८१ मध्ये नट जॉन वेन. नक्षीकाम केलेल्या या रायफली लोकांनी घेतल्या, खोक्यासकट कपाटात ठेवल्या आणि त्यातून एकही गोळी झाडली नाही. कारण गोळी झाडली की किंमत उतरते. गंमत अशी, की सगळ्यांनीच त्या जपून ठेवल्या, त्यामुळे कोऱ्या रायफली दुर्मिळ झाल्याच नाहीत. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये जोड्याचं उदाहरण दिलं आहे. जोडा पायात घालता येतो आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही घेताही येतं. पण जोडा काही बदल्यात देण्यासाठी जन्माला आलेला नाही, असं तो म्हणतो. खोक्यातली ही रायफल म्हणजे कधीच पायात न घातलेला जोडा. तिचा उपयोग एकच, विकणे.

उलट उदाहरणही आहे. विंचेस्टरचीच ‘मॉडेल ७०’ १९३६ च्या सुमारास आली. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने तिची घडण बदलली आणि ग्राहक नाराज झाले. तेव्हापासून ‘चौसष्टच्या आधीची’ हा बाजारातला मानाचा शब्द झाला. इथे किंमत कारागिरीला आहे. म्हणून लिलावात विकणारे नळी, दस्ता, क्रमांक यांचे जवळून फोटो देतात. दस्ता मूळचा की बदललेला, पॉलिश नव्याने केलंय का, यावर किंमत कितीतरी बदलते.

पडून असलेल्या रायफलीची कहाणी मात्र समाजाची आहे. अमेरिकी वन्यजीव विभागाच्या पाहणीनुसार १९९१ मध्ये १६ वर्षांवरचे १ कोटी ४१ लाख लोक शिकारीला गेले होते. २०१६ मध्ये ते १ कोटी १५ लाखांवर आले, आणि या काळात लोकसंख्या वाढलेली आहे, हे लक्षात घ्या. गावं सुटली, मुलं शहरात गेली, आजोबांची रायफल माळ्यावर किंवा तिजोरीत राहिली. आजोबा गेले की ती नातवाच्या किंवा मुलीच्या पदरात येते. त्यांना ना ती चालवायची असते, ना ठेवायची. अशी माणसं व्यापारी नसतात. त्यांना ती घरातून काढायची असते, एवढंच.

यात आणखी एक बाजू आहे, जी सहसा बोलली जात नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार अमेरिकेत नव्या रायफलीवर आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर बसतो आणि तो पैसा वन्यजीव संरक्षणासाठी राज्यांना जातो. हा कर उत्पादक किंवा आयातदार विकतो तेव्हा एकदाच बसतो. जुनी रायफल लिलावात दहा वेळा हात बदलली तरी जंगलाच्या खात्यात त्यातून काही पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: घरबसल्या, न पाहिलेल्या माणसाला रायफल विकणं. ही कल्पना इंटरनेटची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सीअर्स कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगात शिलाई मशीन, बूट आणि बंदुका एकाच पुस्तकात असत. शेतकरी ऑर्डर पाठवायचा, बंदूक घरी यायची. १९२७ मध्ये पिस्तुलं टपालाने पाठवण्यावर बंदी आली, पण रायफल शेतकऱ्याचं, शिकाऱ्याचं अवजार मानली गेली आणि ती सुटली.

मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाकडे असंच एक कूपन आलं. मासिकातल्या जाहिरातीतून कापलेलं. मागणी होती दुर्बीण बसवलेल्या जुन्या इटालियन लष्करी रायफलीची. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च दीड डॉलर. नाव ‘ए. हिडेल’, पत्ता डॅलसमधली टपालपेटी. दुकानाने रायफल पाठवली. दुकानाने काही गैर केलं नव्हतं, कारण नाव खरं आहे का, हे बघायला कायदा सांगतच नव्हता. हिडेल म्हणजे ली हार्वे ऑस्वाल्ड. २२ नोव्हेंबर १९६३ ला अध्यक्ष केनेडींची हत्या झाली ती याच रायफलीने.

सिनेटर टॉमस डॉड यांनी टपालाने होणाऱ्या पिस्तूल-विक्रीवर अंकुश आणणारं विधेयक हत्येच्या आधीच मांडलं होतं. हत्येनंतर त्यात रायफलीही आल्या. नॅशनल रायफल असोसिएशनचे त्या वेळचे पदाधिकारी फ्रँकलिन ऑर्थ यांनी समितीपुढे अशा निर्बंधाला पाठिंबा दिला होता, हे आज ऐकायला वेगळं वाटतं. तरीही विधेयक पाच वर्षं रखडलं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे २२ ऑक्टोबर १९६८ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि प्रत्येक मालकाला परवाना, हे त्यांना हवं होतं. ते मिळालं नाही, याची खंत त्यांनी सही करतानाच बोलून दाखवली.

मिळालं ते असं: एका राज्यातल्या सामान्य माणसाने दुसऱ्या राज्यातल्या सामान्य माणसाला बंदूक थेट विकायची नाही. मध्ये परवानाधारक दुकानदार हवा. म्हणजे कायद्याने अनोळखीपणा नाहीसा केला नाही. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये एक ओळखीचा माणूस उभा केला. समोरासमोर चेहरा बघणारा, ओळखपत्र तपासणारा, वहीत नोंद करणारा.

एवढं पुरेसं होतं का? किंग यांच्या हत्येचंच बघा. जेम्स अर्ल रे याने बर्मिंगहॅमच्या दुकानात स्वतः जाऊन शिकारीची रायफल घेतली, दुसऱ्या दिवशी परत येऊन ती बदलून मोठी रेमिंग्टन घेतली. दुकानदाराने त्याला दोनदा पाहिलं. नाव मात्र त्याने खोटंच दिलं होतं. डोळ्यांनी पाहणं म्हणजे ओळखणं नव्हे. म्हणून पुढे १९९३ चा ब्रेडी कायदा आला आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणारी केंद्रीय यंत्रणा सुरू झाली.

तारीख लक्षात ठेवा, कारण नेमका तोच काळ इंटरनेटवरच्या लिलावांचा आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ई-बेवर बंदुकाही विकल्या जात होत्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये ई-बेने त्या बंद केल्या. ग्राहक संपला नव्हता, दुकान बंद झालं होतं. त्याच वर्षी केवळ याच मालासाठी ‘गनब्रोकर’ ही लिलावाची साइट सुरू झाली.

तिथला व्यवहार असा. विकणारा फोटो आणि वर्णन देतो, वाटल्यास किमान किंमत ठरवतो. बोली लागते. शेवटच्या पंधरा मिनिटांत कुणी बोली लावली तर वेळ पुढे सरकते, म्हणजे अखेरच्या सेकंदाला झडप घालता येत नाही. जिंकणारा पैसे भरतो. पण रायफल त्याच्या घरी येत नाही. ती त्याच्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे जाते. ग्राहकाने तिथे जायचं, ओळखपत्र दाखवायचं, ‘४४७३’ क्रमांकाचा अर्ज भरायचा, तपासणी व्हायची, दुकानदाराला थोडं शुल्क द्यायचं आणि मग रायफल हातात घ्यायची. तपासणीचं उत्तर कामकाजाच्या तीन दिवसांत आलं नाही, तर केंद्रीय कायदा दुकानदाराला ती देण्याची मुभा देतो. साइट स्वतः बंदुकीला हातही लावत नाही. म्हणजे १९६८ चा तो मधला माणूस इंटरनेटच्या काळातही टिकला. पडद्यावर लिलाव, पण हस्तांतर दुकानाच्या फळीवर.

फट कुठे आहे? विकणारा आणि घेणारा एकाच राज्यातले आणि दोघेही बिनव्यापारी असतील, तर केंद्रीय कायदा मध्यस्थ मागत नाही. काही राज्यांनी ही फट स्वतःच्या कायद्याने बुजवली, अनेकांनी नाही. इथे लिलावाच्या साइटपेक्षा छोट्या जाहिरातींच्या साइट जास्त येतात. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये न्यायालयाने बंदूक बाळगायला मनाई केलेल्या एका माणसाने ‘आर्म्सलिस्ट’वरच्या जाहिरातीतून खासगी विक्रेत्याकडून पिस्तूल घेतलं आणि पत्नीसह तीन स्त्रियांना मारलं. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये निकाल लागला, की दुसऱ्याने दिलेल्या मजकुरासाठी साइट जबाबदार धरता येत नाही. साइट म्हणते मी फक्त फळा आहे. विक्रेता म्हणतो मला काय माहीत. मग माहीत असायला हवं होतं कुणाला?

आपल्याकडची तुलना इथे उपयोगी आहे. भारतातही रायफली पडून राहिल्या, पण वेगळ्या कारणाने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेली दारंही जवळजवळ बंद केली. संस्थानिकांच्या, जमीनदारांच्या घरातल्या विलायती रायफलींना काम उरलं नाही. २०१९ मध्ये एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा जास्तीचं शस्त्र काढणं भाग पडलं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ बघा. परवानाधारकाला स्वतःचं शस्त्र विकायचं असेल, तर घेणारा परवानाधारक हवा, आणि विकण्याचा इरादा व घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं. अमेरिकेत बोली आधी आणि ओळख नंतर. आपल्याकडे ओळख आधी, हस्तांतर नंतर. या व्यवस्थेची मुळं १८७८ च्या ब्रिटिश कायद्यात आहेत, आणि तो कायदा प्रजेवरच्या अविश्वासातून आला होता, हेही विसरू नका. सावधगिरी आणि अविश्वास यांचा चेहरा पुष्कळदा सारखाच दिसतो.

आता शेवटचा प्रश्न. आजोबांची रायफल विकणाऱ्या त्या मुलीची जबाबदारी कुठपर्यंत? एक उत्तर असं, की कायदा पाळला की संपली. हे उत्तर मला अपुरं वाटतं. कायदा किमान मर्यादा सांगतो आणि क्लाइन्स दुकानानेही ती पाळली होती. दुसरं उत्तर असं, की पुढे जे होईल त्या सगळ्याची ती धनी आहे. हेही टिकत नाही, कारण माणसाला भविष्य दिसत नाही. जे दिसू शकतं आणि जे आपण मुद्दाम पाहत नाही, त्याची जबाबदारी मात्र आपली. तिच्या राज्यात मधला दुकानदार सक्तीचा नसेल, तरी ती त्याच्याकडे जाऊ शकते. थोडं शुल्क आणि एक दुपार, एवढाच खर्च. तो न करणं म्हणजे नकळत घडणं नव्हे, न कळण्याची निवड करणं आहे. कायदा याला नाव देत नाही. नीतिशास्त्राने द्यायला हवं.

कोरी रायफल असो की पडून असलेली, विकली जाते तेव्हा तिचा पुढचा वापर सुरू होतो. तो कुणाच्या हातात, हे विचारायची शेवटची संधी विकणाऱ्याला असते.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.