वऱ्हाडातील वटवाघुळांच्या अभ्यासाची दोन पर्वे

बुलढाणा जिल्ह्यातील वटवाघुळांच्या शास्त्रीय अभ्यासाचा इतिहास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली आरंभिलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीपासून मोजावा लागतो. खानदेशापाठोपाठ ही पाहणी वऱ्हाडात आली. कातडी व कवटी हीच तिची साधने. त्यामुळे जाती निश्चित झाल्या, जीवनक्रम अज्ञातच राहिला. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या, मध्य व पश्चिम भारतातील वटवाघुळांवरील १९६२-६३ च्या लेखमालेने वसतिस्थान, ऋतुमान व प्रजनन यांकडे लक्ष वेधले. बहुतेक गुहावासी जातींची मादी एका वेळी एकच पिलू प्रसवते. म्हणून एका दिवसाची हानी अनेक वर्षे भरून येत नाही. लोणारच्या जीर्ण देवळांचे अंधारे गाभारे वटवाघुळांस गुहांसमानच होत. त्यांच्या जीर्णोद्धारापूर्वी तेथील वस्तीची ऋतुवार नोंद होणे अगत्याचे आहे.