विद्यापीठ परिसर : देखभाल व जतन

वसई-विरारमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी (स्थापना १८५७) संलग्न आहेत. या विद्यापीठाच्या फोर्ट आवारात परिसर-व्यवस्थापनाची कसोटी लागते. इथे इमारती वापरात ठेवून जपायच्या आहेत.

आवारातला राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, आईच्या नावाने दिलेला. १८७८ साली तो पुरा झाला. समुद्र जवळ, पावसाळा चार महिन्यांचा. खारट दमट हवा लोखंडाला गंज आणते, मुरलेले पाणी दगडांचे सांधे पोखरते, फटीत रुजलेला पिंपळ भिंत उकलतो. म्हणून पन्हळी साफ करणे आणि रोपटी मुळासकट काढणे हे पावसाळ्याआधीचे काम; ते चुकले की खर्च कैकपटींनी वाढतो.

ग्रंथालय आणि टॉवरचा मोठा जीर्णोद्धार २०१५ मध्ये संपला. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने तो केला, आर्थिक बळ टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने दिले. दगडकाम, लाकूडकाम आणि रंगीत काचचित्रे त्यात नीट झाली. यातले काचकाम सर्वांत नाजूक आणि सर्वांत देखणे. २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा सन्माननीय उल्लेख झाला.