एका जाहिरातीपासून : मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णसंस्थांची कुळकथा

एखाद्या आजाराच्या रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी एकत्र येऊन संस्था काढावी, तिने सल्ला द्यावा, व्यायामाचे वर्ग चालवावेत, औषधखर्चाला हातभार लावावा आणि संशोधनासाठी निधीही उभा करावा, ही पद्धत आज इतकी रुळली आहे की तिलाही काही उगम असेल हे सहसा ध्यानात येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन विकाराच्या बाबतीत, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही नुसते ‘एमएस’ म्हणतात, हा उगम १९४५ सालच्या एका छोट्या जाहिरातीपर्यंत नेता येतो. मात्र ती जाहिरात का द्यावी लागली हे कळण्यासाठी तिच्या मागची सव्वाशे वर्षे आणि मुळात हा आजार काय आहे, हे दोन्ही पाहावे लागते.

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसा यांतील चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि त्याच्यामुळे तंतूंतून संदेश वेगाने वाहतात. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती या आवरणावरच हल्ला करते. तेथे सूज येते, संदेश मंदावतात किंवा अडतात, आणि सूज ओसरल्यावर काही भाग सावरला तरी काही ठिकाणी घट्ट व्रण मागे राहतात. व्रण कोठे पडला यावर लक्षण ठरते, त्यामुळे एकाची दृष्टी धूसर होते, दुसऱ्याच्या पायांतले बळ जाते, तिसऱ्याला मुंग्या, तोल जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असा त्रास होतो, आणि दोन रुग्णांची हकिगत सहसा एकमेकींशी जुळत नाही. बहुतेकांचा आजार वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते. सुरुवातीची वर्षे बहुधा ‘अटॅक’ आणि उतार अशा पाळीने जातात. पुढे काहींच्या बाबतीत अटॅक थांबूनही अशक्तता हळूहळू वाढत राहते, तर थोड्यांच्या बाबतीत ती पहिल्यापासूनच तशी वाढते. या सर्वांहून दुर्लक्षित लक्षण म्हणजे थकवा, जो विश्रांतीने पुरता जात नाही, उकाड्यात वाढतो आणि पाहणाऱ्याला दिसत नाही.

आजाराला नाव मिळण्यापूर्वी त्याचे जे तपशीलवार आत्मवृत्त उपलब्ध आहे, ते इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस द’एस्ते याच्या रोजनिशीत. डिसेंबर १८२२मध्ये स्कॉटलंडमधील एका नातलगाच्या दफनविधीनंतर त्याची दृष्टी मंदावली आणि कोणताही उपाय न करता पूर्ववत झाली. १८२७मध्ये फ्लॉरेन्स येथे त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि पुढे पायांतली शक्ती गेली. वैद्यांनी त्याला दिवसातून दोनदा गोमांस आणि सोबत मद्य घेण्यास सांगितले, अंगाला तेले चोळली, आणि तरीही १८४८मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्याला काय झाले आहे हे त्याला कोणी सांगू शकले नाही. ही रोजनिशी १९४८मध्ये प्रकाशित झाली, तेव्हा आजच्या वैद्यकाला तीत एमएसचा जवळजवळ पूर्ण क्रम वाचता आला. राजघराण्याशी नाते असलेल्या माणसाच्या वाट्याला आलेला हा एकाकीपणा लक्षात घेतला, तर त्याच काळातल्या निर्धन रुग्णांची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येते.

ते निर्धन रुग्ण वैद्यकाला दिसले ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर या रुग्णालयात. मेंदू आणि मज्जारज्जूवरील चकत्यांची चित्रे रॉबर्ट कार्सवेल आणि ज्याँ क्रूव्हेलिए यांनी आधीच काढली होती, परंतु त्या चकत्यांचा जिवंत रुग्णाच्या लक्षणांशी पद्धतशीर मेळ घातला तो ज्याँ-मार्तँ शार्को यांनी. साल्पेत्रिएरमध्ये हजारो गरीब आणि आजारी स्त्रिया वर्षानुवर्षे राहत, त्यामुळे शार्को यांना एकाच रुग्णाची लक्षणे दीर्घकाळ नोंदवून मृत्यूनंतर शवविच्छेदनात त्यांचे मूळ शोधता आले, आणि १८६८मध्ये त्यांनी हा विकार इतरांपासून वेगळा काढून त्याला चकत्यांच्या रूपातील काठिण्य अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. या स्त्रियांची नावे वैद्यकाच्या इतिहासात फारशी उरली नाहीत, तरी या आजाराचे पहिले ज्ञान त्यांच्या शरीरांवरून मिळाले आहे, हे नोंदवणे अगत्याचे आहे. शार्को यांनी सिल्व्हर नायट्रेट, स्ट्रिकनीन अशी औषधे वापरून पाहिली आणि उपचारांविषयी गांभीर्याने बोलण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे स्पष्ट सांगितले.

पुढील पाऊणशे वर्षांत निदानाचे कौशल्य वाढले, उपचारांची स्थिती मात्र जवळजवळ तशीच राहिली. नाव ठाऊक आणि उपाय नाही, या अवस्थेत सापडलेल्यांपैकी एक होता न्यूयॉर्कचा बर्नार्ड. त्याची बहीण सिल्व्हिया लॉरी हिने एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाऊन निराशा पदरी घेतल्यावर १ मे १९४५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक छोटी जाहिरात दिली आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधून बरे झालेले कोणी असल्यास त्यांनी रुग्णाशी संपर्क साधावा, अशी विनंती केली. पन्नासहून अधिक पत्रे आली, परंतु त्यांत बरे झाल्याची वार्ता नव्हती. लिहिणारे बहुतेक स्वतः रुग्ण किंवा रुग्णांचे नातेवाईक होते आणि कोणाकडून उपाय कळल्यास तो आम्हालाही कळवा, असे त्यांचे मागणे होते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नाही, तो प्रश्न एकाच वेळी अनेक घरांत विचारला जात आहे, हे या पत्रांमुळे प्रथमच उघड झाले, आणि या कुळकथेतील खरे वळण तेच आहे. लॉरी यांनी पत्रलेखकांना एकत्र आणले, नामवंत शास्त्रज्ञांना सल्लागार म्हणून राजी केले आणि १९४६मध्ये या आजाराच्या संशोधनाला वाहिलेली संस्था स्थापन केली; तीच पुढे ‘नॅशनल मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

या संस्थेने केवळ धीर देण्यावर समाधान मानले नाही, यात तिचे महत्त्व आहे. तिने सुरुवातीलाच ज्यांना अनुदान दिले, त्यांत कोलंबिया विद्यापीठाचे रोगप्रतिकारशास्त्रज्ञ एल्विन कॅबट होते. एमएसच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे ज्यांत मोडतात ती प्रथिने, वाढलेली असतात, हे कॅबट यांनी दाखवले, आणि हा विकार रोगप्रतिकारशक्तीशी निगडित असल्याच्या विचाराला त्यामुळे आधार मिळाला. आजही निदान पक्के करताना कण्यातले पाणी तपासले जाते, ती तपासणी याच संशोधनाच्या वंशातली. संस्थेने राजकीय पाठपुरावाही केला, आणि १९५०मध्ये अमेरिकेत मज्जासंस्थेच्या विकारांसाठी राष्ट्रीय संशोधनसंस्था उभारण्याचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये रिचर्ड केव्ह यांनी पत्नीच्या आजाराच्या निमित्ताने १९५३मध्ये अशीच संस्था काढली, आणि निरनिराळ्या देशांतील संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६७मध्ये स्थापन झाला.

भारतात हा आजार फार विरळा, अशी समजूत दीर्घकाळ होती, आणि ती काही अंशी निदानाच्या साधनांच्या अभावातून आली होती. एमआरआय या तपासणीने जिवंत रुग्णाच्या मेंदूतील व्रण दिसू लागले, तेव्हा शार्को यांना ज्यासाठी शवविच्छेदनापर्यंत थांबावे लागे, ते पहिल्या-दुसऱ्या अटॅकनंतरच पाहता येऊ लागले आणि भारतातही रुग्णांची नोंद वाढली. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारशी समाजात एमएसचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दाखवले. थंड हवेच्या देशांत जास्त आढळणारा हा आजार शतकानुशतके उष्ण किनारपट्टीवर राहिलेल्या समाजात सापडावा, यावरून हवामानाइतकाच आनुवंशिक वारशाचाही विचार करणे भाग पडले. अर्थात आनुवंशिकता येथे केवळ कल दर्शवते. आई किंवा वडिलांना एमएस असला, तरी मुलाला तो होत नाही, असेच बहुतेक वेळा घडते, आणि तो संसर्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

‘मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९८५मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुण्यासह इतर शहरांत तिच्या शाखा निघाल्या. समुपदेशन, फिजिओथेरपी, योगवर्ग, व्हीलचेअरसारखी साधने आणि गरजूंना औषधासाठी मदत ही तिच्या कामाची अंगे आहेत. नव्याने निदान झालेल्या तरुण स्त्रीला नोकरी, लग्न आणि बाळंतपण यांविषयी जे विचारायचे असते, ते बाह्यरुग्ण विभागातल्या काही मिनिटांत मावत नाही. आधी त्या वाटेने गेलेल्या दुसऱ्या स्त्रीशी बोलता आले तर ते मावते, आणि या संस्थेचे सर्वांत मोलाचे काम बहुधा हेच असावे.

कायद्याने या आजाराची दखल त्याहून बऱ्याच उशिरा घेतली. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत एमएस नव्हता. २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा एकवीस प्रकारांच्या अनुसूचीत दीर्घकालीन मज्जाविकारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आले. दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलतींची दारे उघडतात, परंतु आज चालू शकणारा आणि पुढच्या महिन्यात न चालू शकणारा रुग्ण टक्क्यांत मोजणे अवघड असते आणि थकवा तर मोजपट्टीवर फारसा उतरतच नाही. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाच्या प्रवर्गांतही या आजाराचे स्वतंत्र नाव नाही, ही उणीव दूर व्हायला हवी. याच कायद्याचे कलम २० मात्र या रुग्णांसाठी फार उपयोगाचे आहे, कारण सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा त्याची पदावनती करू शकत नाही. मूळ काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. ऐन नोकरीच्या वयात गाठणाऱ्या आजारात ही तरतूद प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असली पाहिजे.

उपचारांचा ओघ १९९३नंतर वाढला, त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या इंजेक्शनाला मान्यता मिळाली. अटॅक आल्यावर काही दिवस शिरेतून दिली जाणारी स्टेरॉइड्स सूज लवकर उतरवतात, तर इंटरफेरॉनसारखी औषधे पुढचे अटॅक कमी करण्यासाठी दीर्घकाळ घ्यावी लागतात. २०१०मध्ये त्यांत गोळीची भर पडली. आजार मुळापासून नाहीसा करणारे औषध अद्याप नाही, आणि जी आहेत त्यांची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने जागतिक आरोग्य संघटनेकडे या औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश करण्याची मागणी केली. पहिला अर्ज मान्य झाला नाही, तरी जुलै २०२३मध्ये क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर अॅसिटेट आणि रिटुक्सिमॅब ही तीन औषधे एमएससाठी प्रथमच त्या यादीत आली. यांपैकी रिटुक्सिमॅब मुळात रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार झालेले औषध असून भारतीय कंपन्या २००७पासून त्याची स्वस्त आवृत्ती बनवतात, आणि आपल्याकडील मज्जाविकारतज्ज्ञ ते एमएससाठी वापरतही आले आहेत. सरकारी रुग्णालयांत आणि विमा योजनांत ते मागताना भारतातील रुग्णसंस्थांना आता या यादीचा दाखला देता येतो.