रोथामस्टेडचे राखीव रान

इंग्लंडमधील रोथामस्टेड येथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी 1843 मध्ये ब्रॉडबॉक शेतात गव्हाचे प्रयोग सुरू केले. 1882 मध्ये या शेताच्या एका टोकाचा गहू कापलाच नाही. पीक उभेच राहिले, दाणे जमिनीवर गळले. पण चार वर्षांत तणांच्या दाटीत गव्हाची मोजकी खुरटी रोपेच उरली. पुढे तिथे झाडे वाढून रान झाले. 1886 मध्ये जवळचे गीसक्रॉफ्ट शेतही असेच सोडण्यात आले.

जुन्या मातीचे नमुने जपून ठेवल्यामुळे शतकभराची तुलना शक्य झाली. दोन्ही ठिकाणी नांगर थांबला, पालापाचोळा आणि मुळे जमिनीतच कुजू लागली. सूक्ष्मजीव त्यातील बराच कार्बन श्वसनातून हवेत सोडतात. मात्र त्यांच्या मृत पेशींचे अवशेष मातीच्या कणांना चिकटून टिकतात. त्यामुळे मातीतील कार्बन लक्षणीय वाढला.

ब्रॉडबॉकला पूर्वी भरपूर खडू घातला होता, म्हणून तिथली माती आम्लधर्मी झाली नाही. गीसक्रॉफ्टची मात्र झाली. तिथे पाचोळा पृष्ठभागावरच साचतो. जंगलाच्या मातीवर पूर्वीच्या शेतीचा ठसा किती खोल असतो, हे या दोन रानांनी दाखवून दिले.