दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणारा

डच ईस्ट इंडीजच्या लष्करात डॉक्टर असलेल्या कार्ल लुडविग डोलेशालला अम्बोन बेटावर कोळी जमवायचा नाद होता. त्यातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन १८५९ साली प्रसिद्ध झालं; डॉक्टर त्याच वर्षी वारला. पुढे १८७८मध्ये कार्श या अभ्यासकाने पोर्शिया ही प्रजाती स्थापली, हा कोळी तिच्यातलाच; आणि बरोबर शंभर वर्षांनी लंडनच्या संग्रहालयातल्या वॉनलेसने ती सगळी नव्याने तपासली. बाटलीतल्या नमुन्यावरून पायांची ठेवण कळते, केसांचे झुबके मोजता येतात. जनावर पोट कसं भरतं, ते मात्र बाटलीबाहेरच बघावं लागतं.

ते काम न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सनने मनावर घेतलं. क्वीन्सलंडच्या पोर्शियावरचा त्याचा आणि ब्लेस्टचा निबंध १९८२चा. उड्या मारणारे कोळी सहसा जाळं विणत नाहीत, नजरेने सावज हेरून झेप घेतात. हा पठ्ठ्या स्वतः जाळं विणतो आणि वर दुसऱ्यांच्या जाळ्यात घुसून मालकालाच खातो!

जाळ्याच्या कडेला तो येतो तेव्हा झुबक्यांमुळे अडकलेल्या काडीकचऱ्यासारखा दिसतो, चालही अडखळती. जाळ्यातल्या कोळ्याची नजर अधू, त्याचा सगळा भरवसा धाग्यांच्या थरथरीवर. पोर्शिया नेमका तिथेच हात घालतो. पायांनी, तोंडाजवळच्या स्पर्शपादांनी तो धागे छेडत राहतो, एक ठेका फुकट गेला की दुसरा. मालक जरा हलला, की तोच ठेका पुन्हा. वाऱ्याने जाळं झुलू लागलं, तर तेवढ्यात तो पुढे सरकून घेतो, हे विलकॉक्स आणि जॅक्सन यांनी १९९६मध्ये दाखवलं. कधी सावज नजरेआड होईल इतका लांबचा वळसाही घेतो. टाचणीच्या माथ्याएवढ्या मेंदूकडून ही अपेक्षा कोण करेल?

फिलिपिन्समधला शोध तर त्याहून सरस म्हणावा लागेल. लॉस बान्योसमध्ये चिकट द्रव थुंकणारा एक कोळी राहतो. पोर्शिया त्याचीही शिकार करतो, पण उलट तोच पोर्शियाला गारद करू शकतो. म्हणून तिथला पोर्शिया मागून जातो. पण मादीच्या तोंडात अंडी असली तर तो समोरूनही भिडतो, कारण थुंकायचं तर तिला आधी अंडी टाकावी लागतात. डोंगरातल्या सगादा गावाभोवती हा थुंकणारा कोळी नाही. तिथल्या पोर्शियाची प्रयोगशाळेत वाढवलेली पिल्लं त्याच्यासमोर सोडली, तर त्यांना अंडी असलेल्या आणि नसलेल्या मादीतला हा भेद कळला नाही. लॉस बान्योसच्या पिल्लांना, आयुष्यात पहिल्यांदाच गाठ पडूनही, तो कळला.