पापनिवेदन संस्कार

पापनिवेदन संस्कार : कॅथलिक ख्रिस्तसभेतील सात संस्कारांपैकी एक. बाप्तिस्म्यानंतर हातून घडलेली पापे माणूस धर्मगुरूपुढे बोलून दाखवतो, त्यांबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतो आणि धर्मगुरू देवाच्या नावाने त्याला पापमुक्त करतो. प्रायश्चित्त संस्कार, समेटाचा संस्कार ही त्याची इतर नावे. गोव्यात कोंकणीत त्याला कुमसार म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘कन्फेशन’ हा शब्द सर्रास चालतो. मुले पहिल्या कम्युनियनच्या आधी हा संस्कार प्रथम घेतात. आईचे ऐकले नाही, भावाला मारले, खोटे बोललो, ही तेव्हा पाठ केलेली यादी पुढे पुरत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी खरे प्रश्न उभे राहतात. देवाला सगळे ठाऊक असताना फादरांना का सांगायचे? एखादे पाप सांगायचे राहून गेले तर? तेच पाप पुन्हा पुन्हा घडत असेल तर मिळालेली माफी खरी कशी? कबुली न देता मरण आले तर नरकच का? चर्चच्या कायद्यात आणि शिकवणुकीत ह्या प्रश्नांना उत्तरे आहेत, आणि तरुणांच्या मनातल्या भीतीच्या मानाने ती पुष्कळच सौम्य आहेत. प्रस्तुत नोंद त्याच अंगाने केली आहे.

प्रत्यक्ष विधी थोडक्यात आटोपतो. कबुली देणारा क्रूसाची खूण करतो, मागच्या कबुलीला किती दिवस झाले ते सांगतो आणि आठवतील ती पापे बोलतो. फादर दोन शब्द सांगतात आणि प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य नेमून देतात. मग कबुली देणारा पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि फादर त्याच्यावर हात धरून पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. जाळीआडून बोलण्याची मुभा कबुली देणाऱ्याला आहे. कबुलीच्या जागी तशी जाळी असलीच पाहिजे, असे १९८३ची धर्मसंहिता सांगते. कोणत्या फादरांकडे जायचे हेही ज्याचे त्याने ठरवायचे. आपल्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या फादरांपुढे तोंड उघडत नसेल, तर शेजारच्या पॅरिशमध्ये जाण्यात काहीही गैर नाही. पुष्कळ तरुणांना हे कोणी सांगितलेलेच नसते आणि केवळ त्या संकोचापायी ते वर्षानुवर्षे कबुलीला जात नाहीत.

धर्मगुरूच का, ह्याचे उत्तर चर्च योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात शोधते. पुनरुत्थित येशू शिष्यांवर श्वास फुंकतो आणि पापांची क्षमा करण्याचा व ती रोखून धरण्याचा अधिकार त्यांना देतो, असा तो प्रसंग आहे. क्षमा करतो तो देवच. पण पापाने माणूस देवापासून तुटतो तसा भोवतीच्या माणसांपासूनही तुटतो, म्हणून परत येण्याची वाटही माणसांमधून जाते, अशी ही धारणा आहे. प्रॉटेस्टंट पंथांनी साधारणपणे थेट देवाजवळची कबुली पुरेशी मानली. स्वतः मार्टिन ल्यूथरने मात्र खाजगी कबुलीला आयुष्यभर मोल दिले; ती सक्तीची करण्याला त्याचा विरोध होता.

आजची खाजगी, वारंवार घेता येणारी कबुली ही ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतली रीत नव्हे. त्या काळी धर्मत्याग, खून, व्यभिचार अशा पापांसाठी बिशपच्या देखरेखीखाली जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागे. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चाले, आणि आयुष्यात एकदाच मिळे. साहजिकच लोक ते मरणाच्या दारापर्यंत लांबवत. सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगीत, पुन्हा पुन्हा कबुली देण्याची पद्धत युरोपभर नेली. तिला विरोधही झाला: ५८९च्या टोलेडो परिषदेने ह्या नव्या रीतीचा निषेध केला. पुढे तीच रूढ झाली. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवेकाचे वय झालेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा कबुली द्यावी असा नियम घातला. ट्रेंट परिषदेने १५५१मध्ये संस्काराची शिकवण पक्की केली, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ ह्यांनी जाळीच्या कबुलीपेटीचा प्रसार केला, आणि १९१०मध्ये पोप दहावे पायस ह्यांनी विवेकाचे वय सुमारे सात वर्षे ठरवले. सध्याचा विधी १९७३चा आहे.

कबुलीत ऐकलेले कोणालाही न सांगण्याचे बंधन धर्मगुरूवर आहे आणि त्याला अपवाद नाही. पोलिस, न्यायालय, बिशप, आईवडील, कोणापुढेही ते उघड करता येत नाही. जाणूनबुजून उघड करणारा धर्मगुरू तत्क्षणी बहिष्कृत ठरतो. ऐकलेल्या माहितीचा कबुली देणाऱ्याच्या तोट्याला वापर करण्यासही मनाई आहे. प्रागचा संत जॉन नेपोमुक १३९३मध्ये व्ल्तावा नदीत बुडवून मारला गेला, तो राणीची कबुली उघड केली नाही म्हणून, अशी परंपरा आहे. कबुली देणाऱ्यावर मात्र असे बंधन नाही. आत एखादा धर्मगुरू गैर वागला, तर ते बाहेर सांगण्याचा आणि तक्रार करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. कबुलीच्या निमित्ताने लैंगिक गैरवर्तनाला प्रवृत्त करणे हा धर्मसंहितेत गंभीर गुन्हा आहे. केरळात २०१८मध्ये एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर, कबुलीतली माहिती वापरून एका विवाहितेचे शोषण केल्याचे आरोप झाले. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी कबुलीची प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि केरळच्या कॅथलिक बिशपांनी तिला कडाडून विरोध केला. प्रथा बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पण त्या मागणीमागचा संताप रास्त होता, आणि मुलामुलींना वरील हक्क पहिल्या कबुलीच्या वर्गातच शिकवले गेले पाहिजेत.

काय सांगणे बंधनकारक आहे? महापापे, प्रकार आणि संख्येसह. संख्या नेमकी आठवत नसेल तर अंदाजाने सांगितलेली चालते. एखादे कृत्य महापाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर असावा, तो गंभीर आहे ह्याची पुरती जाणीव असावी, आणि कृत्य मोकळ्या इच्छेने केलेले असावे. एक जरी कमी पडली तरी ते महापाप नव्हे. उरलेली लघुपापे कबुलीत सांगावीत अशी शिफारस आहे, सक्ती नाही. प्रार्थना, मिस्सा, दानधर्म ह्यांनीही ती धुतली जातात. प्रामाणिकपणे आठवूनही एखादे महापाप विसरले, तर इतरांबरोबर त्याचीही क्षमा होते. नंतर आठवले तर पुढच्या कबुलीत सांगायचे, एवढेच. मधल्या काळात कम्युनियन घ्यायला हरकत नाही. जाणूनबुजून महापाप लपवले तर मात्र ती कबुली फुकट जाते.

हस्तमैथुनाचा प्रश्न तरुणांच्या मनात सर्वांत जास्त घर करून असतो आणि सर्वांत कमी बोलला जातो. चर्च त्याला गंभीर विषय मानते. पण १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे, की भावनिक अपरिपक्वता, जडलेली सवय, मनाची चिंता अशा कारणांनी माणसाची जबाबदारी बरीच कमी होऊ शकते. म्हणजे विषय गंभीर असला तरी प्रत्येक वेळी महापाप घडलेच, असा हिशेब आपोआप मांडता येत नाही. नेमका हा भाग धर्मशिक्षणाच्या वर्गात गाळला जातो, आणि त्यातून कोवळ्या मनांना झालेली इजा थोडीथोडकी नाही.

तेच पाप पुन्हा होणार अशी धास्ती असताना ‘पुन्हा करणार नाही’ म्हणणे हा खोटेपणा नव्हे का? पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९६मध्ये व्हॅटिकनमधील प्रायश्चित्तविषयक न्यायासनाला लिहिलेल्या पत्रात ह्याचा खुलासा केला आहे. पुढे आपण पडू असे बुद्धीला दिसत असले, तरी आज न पडण्याची इच्छा खरी असेल तर निश्चय खराच धरायचा. निश्चय म्हणजे भविष्य वर्तवणे नव्हे.

पापशंका हा ह्या विषयातला सर्वांत नाजूक भाग. जिथे पाप नाही तिथे ते दिसणे, सांगितलेली पापे नीट सांगितली का ह्या विचाराने पोखरले जाणे, पुन्हा पुन्हा त्याच कबुलीला धावणे, ही तिची लक्षणे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला ह्यांनी तिशीत हा भोग भोगला. मार्च १५२२मध्ये त्यांनी स्पेनमधील मोंत्सेरातच्या मठात आयुष्यभराची पापे कागदावर उतरवून तीन दिवस कबुली दिली. तरी मानरेसा गावी राहायला गेल्यावर अमुक राहिले, तमुक अर्धवट सांगितले, असे वाटून मन खाऊ लागले. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने सांगितले, की अगदी स्पष्ट असल्याखेरीज जुने काही सांगू नकोस. त्यांना सगळेच स्पष्ट वाटत होते, त्यामुळे आज्ञेचा उपयोग झाला नाही. खोलीतल्या एका भगदाडात उडी टाकून जीव द्यावा, इथवर मजल गेली. देवाने उत्तर द्यावे म्हणून आठवडाभर अन्नपाणी सोडले. ते कळताच धर्मगुरूने उपास मोडायला लावला. अखेर, जुनी पापे पुन्हा कबुलीत काढायचीच नाहीत असे त्यांनी ठरवले आणि तेव्हा ते सुटले. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या पुस्तकात पापशंकेबद्दलच्या सूचना आहेत, त्या ह्या अनुभवाच्या बळावर.

लिझ्यूच्या संत तेरेझाला बाराव्या वर्षी, १८८५मध्ये, ह्याच त्रासाने घेरले आणि तो दीडेक वर्ष टिकला. तिची थोरली बहीण मारी रोज तिचे सारे ऐकून घेई आणि ह्यातले काय कबुलीत सांगायचे ते ठरवून देई. बाकीचे सांगायची तेरेझाला परवानगी नव्हती. हा उपाय आजही दिला जातो: एकच धर्मगुरू निवडायचा, तो म्हणेल ते मानायचे, शंका असलेले पाप सांगायचे नाही. त्याच्या जोडीने मानसोपचार घेणे शहाणपणाचे, कारण पापशंका पुष्कळदा मंत्रचळेपणाच्या विकाराचे रूप असते. त्यात श्रद्धेची उणीव नाही. कबुली देणाऱ्यांचे व ऐकणाऱ्यांचे मोठे मार्गदर्शक संत आल्फोन्सस लिग्वोरी (मृत्यू १७८७) हेही पापशंकेने आयुष्यभर छळले गेले होते.

धर्मगुरू मिळालाच नाही तर? केवळ देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप पूर्ण मानतात. पुढे संधी मिळताच कबुली देण्याचा निश्चय त्यात असेल, तर अशा पश्चात्तापाने महापापांचीही क्षमा तिथल्या तिथे होते. शिक्षेच्या भीतीने झालेला पश्चात्ताप अपूर्ण, पण कबुलीच्या संस्कारासाठी तोही पुरतो. डच लोकांनी १६५८मध्ये जाफना जिंकून कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली, तेव्हा श्रीलंकेतील कॅथलिकांची एक पिढी धर्मगुरूविना जगली. गोव्याच्या सांकवाळचे जोसेफ वाझ १६८७मध्ये भिकाऱ्याच्या वेशात जाफन्याला पोहोचले आणि लपूनछपून, रात्री घराघरांत, मिस्सा आणि कुमसार देऊ लागले. २०१५मध्ये त्यांना संतपद मिळाले. मार्च २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, व्हॅटिकनने पूर्ण पश्चात्तापाच्या ह्याच शिकवणुकीची आठवण करून दिली. फोनवरून मात्र कबुली होत नाही. २०११मध्ये कबुलीची तयारी करून घेणारे एक मोबाइल ॲप गाजले, तेव्हाही व्हॅटिकनला हे स्पष्ट करावे लागले होते. मरणासन्न माणसाला कोणताही धर्मगुरू, अगदी पदावरून दूर केलेलाही, पापमुक्ती देऊ शकतो.

तारणाबद्दल चर्चची भूमिका खात्रीची नाही, आशेची आहे. आपले तारण झालेच आहे असे कोणालाही विशेष साक्षात्काराखेरीज ठामपणे म्हणता येत नाही, असे ट्रेंट परिषदेने १५४७मध्ये ठरवले. निराशा आणि फाजील खात्री ही दोन्ही आशेविरुद्धची पापे मानली जातात. १४३१च्या खटल्यात जोन ऑफ आर्कला, तू देवाच्या कृपेत आहेस का, असा फसवा प्रश्न विचारण्यात आला. नसेन तर देवाने मला कृपेत आणावे आणि असेन तर त्यातच ठेवावे, ह्या आशयाचे उत्तर त्या एकोणीस वर्षांच्या मुलीने दिले. ह्या विषयावर त्याहून नेमके क्वचितच कोणी बोलले असेल. तारण कमावता येते की फुकट मिळते, ह्या ल्यूथरच्या काळापासूनच्या वादात कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन संघ ह्यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, त्याच्या गुणांमुळे नव्हे, हे दोघांनी मिळून मान्य केले.

देवाने कोणालाही आधीपासून नरकासाठी नेमलेले नाही, हीही चर्चची ठाम शिकवण आहे. जीव दिलेल्या माणसाच्या तारणाबद्दलही निराश होऊ नये, असे धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. कृपेत मरण आलेले पण पुरते शुद्ध न झालेले आत्मे शुद्धिस्थळातून जातात. त्यांच्यासाठी वर्षभर आणि विशेषतः २ नोव्हेंबरला प्रार्थना होते. वसईत किंवा मुंबईत वाढणाऱ्या मुलाचे निम्म्याहून अधिक मित्र हिंदू, मुसलमान, बौद्ध असतात, आणि त्यांचे काय, हा प्रश्न त्याला स्वतःच्या तारणाइतकाच बोचतो. चर्चबाहेर तारण नाहीच, असा कडवा अर्थ लावणारे अमेरिकन धर्मगुरू लेनर्ड फीनी ह्यांना व्हॅटिकनने १९५३मध्ये बहिष्कृत केले. आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४च्या चर्चविषयक संहितेत नमूद केले आहे.